मान, कानशील आणि खांद्यातली ती जागा

दुखणं डाव्या खांद्यावर सुरू व्हायचं, मानेच्या कडेनं वर चढायचं, कानामागून वळसा घ्यायचं आणि कानशिलावर येऊन ठाण मांडायचं. मी मुद्रितशोधक आहे, दिवसभर विरामचिन्हं बघते. या वाटेचा आकार प्रश्नचिन्हासारखा आहे हे मला फार लवकर जाणवलं होतं. पुढे फिजिओथेरपिस्टनं तिच्याकडच्या पुस्तकातली आकृती दाखवली, तेव्हा तिथेही ट्रॅपेझियस या मान-खांद्यावर पसरलेल्या स्नायूच्या वरच्या भागातून निघणारी वेदना नेमकी अशीच लाल ठिपक्यांनी रंगवलेली होती. माझं दुखणं आधीच कुणीतरी पाहून, काढून ठेवलेलं आहे, हे बघून मला किती हायसं वाटलं ते सांगता येत नाही.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या घरी बसून मी पुस्तकांची, मासिकांची आणि श्रावण लागला की दिवाळी अंकांची प्रुफं तपासते. काही संपादक अजून कागदावरच प्रुफं पाठवतात आणि मलाही कागदच लागतो. पडद्यावर निसटलेलं ऱ्हस्व-दीर्घ कागदावर सापडतं. पण कागद टेबलावर सपाट पडलेला असतो आणि ओळीवर नजर नीट पडायची तर मान वाकवावी लागते. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोंचं. ते खांद्यांच्या बरोबर वर असतं तोवर मागच्या स्नायूंना फारसा जोर लावावा लागत नाही. पुढे झुकलं की तेच वजन तोलायला त्यांना तासन्‌तास आवळून राहावं लागतं. त्यात संपादकांचा फोन आला की डावा खांदा उचलून फोन कानाशी दाबायचा आणि उजव्या हातानं खुणा करत राहायचं, ही माझी अनेक वर्षांची सवय.

आमच्या घरात आखडलेल्या मानेवर उपायांना तोटा नव्हता. सासूबाईंनी तव्यावर ओवा आणि खडेमीठ भाजून पुरचुंडी करून दिली. त्यांच्या माहेरी, साताऱ्याकडे, उसण भरली की पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय लावून घेतात. तेही त्यांनी प्रेमानं सुचवलं. शेकानं खरोखर बरं वाटायचं, रात्री झोप लागायची. सकाळी पुन्हा तेच. एका गोष्टीला मात्र मी ठाम नकार दिला. ओळखीच्या एकांनी केशकर्तनालयात मान कडकन मोडून घ्यायचा सल्ला दिला होता. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. मानेला असा झटका दिल्यावर धमनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. अशा घटना दुर्मीळ आहेत हे खरं, पण दोन मिनिटांच्या मोकळेपणासाठी ती जोखीम कुणी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी हातांची ताकद पाहिली, कोपराशी हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया पाहिल्या, बोटांत मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, लघवीवर ताबा आहे ना, असं सगळं विचारलं. मग एक्स-रे. अहवालात लिहिलं होतं की मानेची नैसर्गिक कमान सरळ झाली आहे आणि पाचव्या-सहाव्या मणक्यांत झिजेची चिन्हं आहेत. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी समजावलं, "बावन्नाव्या वर्षी असं दिसणारच. फोटोत दिसतंय तेच दुखतंय असं समजू नका." यावर नंतर मी वाचलंही. जपानमध्ये मानेचं कसलंही दुखणं नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले गेले. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेतली चकती थोडीफार फुगलेली निघाली. या एका आकड्यानं माझी जितकी भीती गेली तितकी कोणत्याही धीराच्या शब्दांनी गेली नव्हती. एक्स-रेचा लिफाफा मी कपाटात ठेवून दिला. डॉक्टरांनी थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि फिजिओथेरपी घ्या म्हणाले. गळ्याचा पट्टा लावू का, असं मी विचारलं. नको म्हणाले; पट्टा लावून बसलं की मानेचे स्नायू आणखी आळसावतात.

घराजवळच्या एका केंद्रात मी आधी जाऊन आले. तिथे पैसे आगाऊ भरून घेतले. रोज पालथं झोपवायचे, चार पॅड चिकटवून करंटचं मशीन लावायचे, वर गरम पॅक, आणि पंधरा-वीस मिनिटांनी घंटा वाजली की पुढचा पेशंट. मानेला हात लावून कुणी पाहिलंच नाही. त्या मशीनला इंटरफेरेन्शियल थेरपी, आयएफटी, म्हणतात. मध्यम वारंवारतेचे दोन विद्युतप्रवाह एकमेकांना छेदतील असे सोडतात आणि त्यानं काही वेळ वेदना दबते. ते वाईट नाही. पण तेवढ्यालाच उपचार म्हणणं पेशंटवर अन्याय आहे, आणि आपल्याकडे अनेकांची फिजिओथेरपीशी ओळख इथेच सुरू होऊन इथेच संपते याचं मला फार वाईट वाटतं. पोलिओच्या साथीनंतर, १९५०च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात या शिक्षणाची आपल्याकडे पायाभरणी झाली. लोकांना पुन्हा उभं करायला शिकवणारी विद्या आहे ही; ती घंटेच्या आणि पॅडच्या पलीकडे फार मोठी आहे.

दुसऱ्या फिजिओथेरपिस्टकडे मैत्रिणीनं पाठवलं. तिशीतली मुलगी, मला काकू म्हणते. पहिल्या भेटीत तिनं मशीनला हातच लावला नाही. मी खुर्चीत कशी बसते, प्रुफं कशी धरते, ते करून दाखवायला लावलं. मान वर, खाली, दोन्ही खांद्यांकडे वळवून कुठे अडतं ते पाहिलं. उजवीकडे झुकवताना डावी बाजू ओढायची आणि डावीकडे वळून पाहताना मानेच्या बुडाशी काहीतरी अडकायचं. मग तिनं माझं डोकं दुखऱ्या बाजूला किंचित कलवून वरून हलकेच दाबलं. मुंग्या किंवा कळ हातात उतरली असती तर मणक्यातून निघणारी नस दबली असण्याची शक्यता वाढली असती. तसं काही झालं नाही.

यानंतर जे झालं ते मी विसरणार नाही. खांदा आणि मान यांच्यामधला मांसल भाग तिनं अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरला आणि स्नायूच्या धाग्यांना आडवं जात सावकाश चाचपत गेली. एका ठिकाणी थांबली. मला आतून एक घट्ट पट्टा सरकल्याचं कळलं. त्या पट्ट्यावरच्या वाटाण्याएवढ्या जागेवर तिनं बोट स्थिर ठेवून दाबलं. आधी मी दचकून खांदा ओढून घेतला. मग काही सेकंदांत डावं कानशील ठणकायला लागलं. दाबलं होतं खांद्यावर, आणि माझी रोजची डोकेदुखी जागी झाली होती.

"हीच का तुमची डोकेदुखी, काकू?"

मी हो म्हटलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. कानशिलावर बाम चोळण्यात मी केवढा काळ घालवला होता! दुखत होतं तिथे काहीच बिघडलेलं नव्हतं.

अशा जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात. ताणलेल्या पट्ट्यातली अतिसंवेदनशील जागा. दाबली की आपल्यापासून दूर, ठरावीक प्रदेशात वेदना पाठवते. प्रत्येक स्नायूचा असा प्रदेश बहुधा ठरलेला असतो. हे नकाशे तयार करण्यात जेनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन डॉक्टरबाईंचा वाटा सर्वांत मोठा. अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या पाठदुखीवर त्यांनी उपचार केले आणि १९६१ मध्ये त्या व्हाइट हाउसच्या पहिल्या महिला वैद्य झाल्या. केनेडींची झुलती खुर्चीही त्यांचीच शिफारस. त्यांचे सहकारी डेव्हिड सायमन्स तर १९५७ मध्ये बलूनमधून ३० किलोमीटरहून जास्त उंचीवर गेलेले हवाईदलाचे डॉक्टर. आकाशाच्या कडेपर्यंत जाऊन आलेला माणूस पुढे माणसांच्या स्नायूंतल्या गाठी शोधत बसला, हे मला विलक्षण वाटतं. त्या दोघांचा या विषयावरचा मोठा ग्रंथ १९८३ मध्ये आला आणि आजही या क्षेत्रातले लोक त्यातल्याच आकृत्या दाखवतात.

माझ्या फिजिओथेरपिस्टनं दुसरी बाजूही लपवली नाही. या गाठी रक्तचाचणीत दिसत नाहीत, एक्स-रेत दिसत नाहीत. एकाच पेशंटला दोन तज्ज्ञांनी तपासलं तर दोघांची बोटं त्याच जागी थांबतीलच असं नाही. २०१५ मध्ये काही संशोधकांनी ही सगळी कल्पनाच सदोष आहे अशी कडक टीका केली. उलट अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी त्याआधी अशा जागेतला द्रव अगदी बारीक सुईनं काढून तपासला होता, तेव्हा त्यात वेदना आणि दाहाशी संबंधित रसायनांचं प्रमाण जास्त आढळलं होतं. वाद मिटलेला नाही. मला तिचं हे मोकळेपण फार भावलं. माझ्यापुरतं सांगायचं तर तिच्या बोटाखाली माझी डोकेदुखी चालू-बंद होत होती, आणि उपचार सुरू करायला मला तेवढा आधार पुरला.

सुरुवात हातांनी झाली. त्या जागेवर सोसवेल इतपतच दाब द्यायचा आणि धरून ठेवायचा, साधारण अर्ध्या ते दीड मिनिटापर्यंत. वेदना दहापैकी किती, हे मी सांगत राहायचं. सात म्हणून सुरू केलेलं हळूहळू पाच, चार, तीन होत जायचं आणि तिच्या बोटाखाली तो पट्टा सैल पडल्याचं मलाही कळायचं. जोरात रगडलं म्हणजे लवकर बरं होतं अशी माझी समजूत होती. ती म्हणाली, "तुम्ही श्वास रोखलात की मी जास्त दाबलंय असं समजते." खरंच, श्वास रोखला की स्नायू आणखी आवळतो.

दुसरी रीत मला सगळ्यात आवडली. मी उताणी, डोकं तिच्या हातात. ती मान उजवीकडे कलवून ओढ जाणवेल तिथे थांबायची. मग मी डोक्यानं तिच्या हातावर अगदी हलका, ताकदीच्या पाचव्या हिश्शाएवढा दाब द्यायचा, पाच-सात सेकंद. मग श्वास सोडत सैल व्हायचं, आणि त्या सैलपणात मान आपसूक आणखी थोडी कलायची. असं चार-पाचदा. काही ओढाताण नाही, आणि तरी मान कितीतरी मोकळी व्हायची. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून खांद्याच्या फऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा लेव्हेटर स्कॅप्युली नावाचा स्नायू असतो. डावीकडे वळताना माझी मान अडायची ती त्याच्यामुळे, आणि त्याच्यावर ही रीत फार लागू पडली. कवटीच्या तळाशी असलेल्या छोट्या स्नायूंसाठी ती नुसती बोटांची टोकं तिथे टेकवून ठेवायची आणि डोक्याचं वजन आपोआप त्यांवर उतरू द्यायची. मला तिथे दोनदा झोप लागली आहे.

खांद्यातली ती एक गाठ मात्र हटेना. तेव्हा तिनं ड्राय नीडलिंगचं विचारलं. सुई म्हटल्यावर मी आधी घाबरले. तिनं घाई केली नाही. सुईतून कुठलंही औषध जात नाही. ॲक्युपंक्चरला वापरतात तशीच भरीव, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची सुई, फक्त विचारसरणी वेगळी. प्रागचे डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की अशा जागी इंजेक्शन दिल्यावर येणारा आराम बराचसा सुईचाच असतो, औषधाचा नव्हे. मग तिनं धोकाही स्पष्ट सांगितला. खांद्याच्या त्या भागाखाली फुफ्फुसाचं टोक असतं. सुई चुकीच्या दिशेनं खोल गेली तर छातीत हवा भरू शकते. म्हणून स्नायू चिमटीत उचलून धरायचा आणि सुई त्या चिमटीतच राहील अशी घालायची. नंतर धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय गाठायचं. मी रक्त पातळ करणारी गोळी घेते का, पूर्वी सुईनं चक्कर आली होती का, हेही विचारलं. माझ्या मते हे प्रश्न न विचारणाऱ्याच्या हातून कुणीही सुई टोचून घेऊ नये.

सुई आत जाताना डास चावल्याइतकंच कळलं. ती गाठीपर्यंत पोचली आणि खांदा आपोआप एकदम उडाला, मी न हलवता. पाठोपाठ खोल, जड अशी कळ आणि कानशिलापर्यंत ओळखीची वाट. ती म्हणाली, स्नायूचं हे उडणं बरोबर जागा सापडल्याची खूण समजतात. सुई काढल्यावर पुढचे एक-दोन दिवस खांदा व्यायाम करून अंग दुखावं तसा दुखला. मग एका सकाळी दात घासताना ध्यानात आलं की कानशील शांत आहे. आठवडाभर शांत होतं.

इथे मी तिला म्हटलं, आता झालं की! तिनं मान हलवली. तिच्या सांगण्याचा गाभा असा: हातांनी आणि सुईनं मिळालेला आराम थोड्या काळाचा असतो, अभ्यासही तेच सांगतात. त्या मोकळ्या आठवड्यांत मानेला काम पेलायला शिकवलं तरच आराम टिकतो. या अनुभवातून मला इतरांना काही कळकळीनं सांगायचं असेल तर ते हेच.

व्यायामातला पहिला दिसायला अगदीच किरकोळ. उताणं झोपायचं, मानेखाली रक्तदाबाच्या यंत्रासारखी हवेची छोटी पिशवी, तिला जोडलेला दाबाचा काटा पाऱ्याच्या २० मिलिमीटरवर. डोकं न उचलता, "हो" म्हणावं इतपत हनुवटी आत घ्यायची की काटा २२वर जातो. तिथे दहा सेकंद स्थिर. मग २४, २६, असं ३०पर्यंत. गळ्याच्या खोल भागात, मणक्यांना लगटून असलेले स्नायू हे काम करतात आणि मान दुखणाऱ्यांत ते बहुधा ढेपाळलेले असतात. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ग्वेन्डोलेन जुल यांनी विकसित केली. माझा काटा २४वरच थरथरायला लागला, आणि गळ्याचे वरचे जाड स्नायू मदतीला धावून आले. त्यांना धावू द्यायचं नसतं. घरी पिशवी नव्हती, तर घडी घातलेला नॅपकिन मानेखाली ठेवून करायला सांगितलं. ३०वर दहा सेकंद स्थिर राहायला बरेच आठवडे लागले, आणि राहिलं त्या दिवशी आम्ही दोघी मोठ्यानं हसलो.

पुढे वजनं आली. आधी पाण्याच्या बाटल्या, मग डंबेल्स: खांदे कानाकडे उचलणं, हात बाजूला उचलणं, रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून दोन्ही कोपरं मागे खेचणं. दुखऱ्या स्नायूला वजन द्यायचं याची मला धास्ती वाटायची. तिनं डेन्मार्कमधल्या २००८च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. ट्रॅपेझियस दुखणाऱ्या नोकरदार बायकांना आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं, दहा आठवडे असे वजनांचे व्यायाम दिले, आणि त्यांचं दुखणं लक्षणीय उतरलं. नुसती सायकल चालवणाऱ्यांना तितका टिकाऊ फरक पडला नाही. सासूबाई मला बाटल्या उचलताना पाहून आधी काळजीत पडल्या. आता त्याच माझी वेळ पाळतात.

टेबलाचीही दुरुस्ती झाली. सुताराकडून पेढ्यांवर मुनीम वापरायचे तसलं उतरतं मेज करून घेतलं. कागद डोळ्यांकडे वर आला आणि मान खाली जायची थांबली. फोनला इअरफोन. उशी एकच, खांद्यापासून मानेपर्यंतची पोकळी भरेल एवढी. अर्ध्या तासानं उठायचं, हातातला छपाईचा फॉर्म, म्हणजे पानांचा गठ्ठा, संपो न संपो.

दिवाळी अंकांच्या शेवटच्या पंधरवड्यात दुखणं परतलं. तीन अंक एकदम छपाईला जायचे होते, रात्री बारा-बारापर्यंत पानं येत होती. पण या वेळी काय करायचं ते माहीत होतं. टेनिसचा चेंडू भिंत आणि खांद्याच्या फऱ्याच्या मध्ये धरून ती जागा शोधायची, अंग भिंतीकडे रेलून श्वास सोडत मिनिटभर थांबायचं, गरम पाण्याची पिशवी, आणि वजनं निम्मी करायची पण सोडायची नाहीत. एकदा तिच्याकडे जाऊन आले. अंक बाजारात आले तोवर मान ताळ्यावर आली होती.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. माझं ऐकून नागपूरच्या वहिनींनी फोन केला, त्यांचीही मान दुखते, असा चेंडू त्यांनीही वापरावा का म्हणून. बोलता बोलता कळलं की उजव्या हाताच्या बोटांना सतत मुंग्या येतात आणि ब्लाउजची हुकं लावताना, पोळी लाटताना हात चुकतो. मी त्यांना चेंडू, चोळणं, सुई यांतलं काहीही करू नका म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी भाच्याबरोबर डॉक्टरांकडे पाठवलं. हाताची ताकद कमी होणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, सोबत ताप किंवा वजन उतरणं, असं काही असेल तर आधी डॉक्टर. वहिनींच्या एमआरआयमध्ये नस दबलेली निघाली. त्यांचे उपचार चालू आहेत, ते माझ्यापेक्षा पुष्कळ वेगळे आहेत, आणि परवा फोनवर म्हणाल्या की हुकं लागायला लागली आहेत.